होडीची उघडी बाजू

लहानूजी मेश्राम हाताचे अडाणी आहेत, हे नंदनवनातल्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. भिंतीत खिळा ठोकायला घेतला तर खिळा वाकायचा, नाहीतर हातोडी नखावर बसायची. बुद्धजयंतीला गच्चीवर दिव्यांची माळ सोडायची तर शेजाऱ्याला हाक मारावी लागे. सिंधूताई चारचौघींत हसून सांगायच्या, "आमच्या यायले चहाचा कप देते ना, तर मी खाली फडकं घेऊनच उभी राहते." लहानूजीही हसायचे. वीज खात्यात मीटरचे आकडे टिपण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. अक्षरही असं, की साहेब म्हणायचा, मेश्राम, हे आकडे आहेत की मुंग्या.

म्हणून निवृत्तीनंतर एका सकाळी ते म्हणाले, "मी होडी बनवतो," तेव्हा सिंधूताईंना ती थट्टाच वाटली.

"कायची होडी?"

"लाकडाची. लहानी. टेबलावर राहीन इतकी."

"तुमच्या हातानं?"

"माझ्याच हातानं," लहानूजी म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, "पण कोणी पाहायचं नाही."

त्यांचं गाव वैनगंगेच्या काठी होतं. होतं असंच म्हणायचं, कारण धरणाचं पाणी चढत आलं आणि गाव त्याखाली गेलं. त्या गावाला शाळा नदीपलीकडे होती. रोज होडीतून जावं लागे. या होडीबद्दल लहानूजी फारसं कधी बोलले नव्हते. शाळेबद्दल तर मुळीच नाही.

मागची गॅलरी त्यांनी घेतली. ग्रिलला जुनी चादर बांधली, आणि स्वयंपाकघराकडच्या दारालाही एक चादर सोडली. भुसा उडते म्हणाले. दुपारी जेवण झालं की ते चादरीमागे जायचे आणि थोड्या वेळानं आवाज सुरू व्हायचा. पॉलिश पेपर लाकडावर पुढे जायचा, मागे यायचा. खस्स. खस्स. सिंधूताई स्वयंपाकघराच्या गार फरशीवर चटई टाकून पडायच्या आणि त्या आवाजावर त्यांचा डोळा लागायचा.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी आवाज थांबला.

सिंधूताईंना जाग होती. आवाज थांबला, आणि त्यांना बरं वाटलं. झोपले असतील बसल्या बसल्या, झोपू द्या. चहाची वेळ झाली तरी त्यांनी हाक मारली नाही. चहा गाळून झाकून ठेवला. बऱ्याच वेळानं चादर सारून पाहिलं, तर लहानूजी स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. मान खाली होती. चाकू डाव्या मुठीत धरलेला होता. उजव्या हातात कळ आली असेल म्हणून डाव्यात घेतला असेल, असं डॉक्टर येईपर्यंत सिंधूताईंच्या मनात आलं, आणि नंतर त्यावर त्यांनी विचार केला नाही. तो चाकू मुलीनं, मोनालीनं, मुठीतून सोडवून त्यांच्या हत्यारांच्या डब्यात ठेवला.

टेबलावर होडी राहिली. ती पाहून सिंधूताई घाबरल्याच. इतकी सुबक गोष्ट या घरात कोणी केली? एका बाजूला सागवानाच्या बारीक पट्ट्या एकीला एक चिकटून नाकापर्यंत वळत गेल्या होत्या. मध्ये नख घालायलाही जागा नव्हती. दुसरी बाजू उघडी होती. नुसत्या बरगड्या. एका अंगानं पाहिली तर ती आत्ता पाण्यात सोडावी अशी होडी, दुसऱ्या अंगानं पाहिली तर सांगाडा.

ज्या माणसाला खिळा ठोकता येत नव्हता, त्यानं हे केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आवाज परत आला.

चैत्र सरत आला होता. दुपारी कूलर चालू होता आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. घरात एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत गॅलरीतून आवाज आला. खस्स. खस्स. सिंधूताई चटईवर तशाच पडून राहिल्या. खार असेल. शेजारीण गच्चीवर पापड पसरवत असेल. त्यांनी चादर सारली नाही. लाइट आली, कूलरनं सगळं गिळून टाकलं.

त्यानंतर तो पुष्कळदा आला. कोणाला सांगायची सोय नव्हती. ज्या वर्षी नागपुरात दीक्षा झाली त्या वर्षीचा सिंधूताईंचा जन्म. बापानं दीक्षाभूमीवरून येऊन पोरीचं तोंड पाहिलं, असं घरात सांगत. श्राद्ध नाही, पिंड नाही, भूत तर नाहीच नाही. सिंधूताईंनी सारा जन्म बालवाडी चालवली, आणि अंगात आलेल्या बायकांना त्यांनी याच घरात बसवून पाणी पाजून सांगितलं होतं, "मेलेलं माणूस येत नाही वं बाई. आपल्या मनातलं येते." आता त्या स्वतःला तेच सांगायच्या. मनातलं असेल तर असो. पण मनातलं असलं तरी ते काहीतरी मागत होतं, आणि काय मागत होतं हे टेबलावर उघडं पडलं होतं.

त्यातच मोनालीनं आईला आपल्याकडे न्यायचं पक्कं केलं.

मोनाली कळमेश्वरला एका कंपनीत कामाला होती, राहायला मनीषनगरला. आईचे गुडघे गेले होते आणि नंदनवनचं घर वरच्या मजल्यावर. "आमच्याकडे लिफ्ट आहे आई. आता किती दिवस जिना चढून राहणार? शाळा सुरू व्हायच्या आत इथलं उचलू. भाडेकरूही मिळाला."

"गॅलरीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? ते अर्धवट सामान भंगारवाल्याले देऊन टाकू."

सिंधूताई हो म्हणाल्या. रात्री भात नीट गेला नाही. भाडेकरू येईल, चादर काढील, गॅलरीत वॉशिंग मशीन ठेवील. आणि दुपारी लाइट गेली की तो आवाज परक्या माणसांच्या घरात, ऐकायला कोणी नसताना, चालत राहील. एकदा त्यांना आवाज थांबल्यावर बरं वाटलं होतं. आता अर्धं काम तसंच सोडून निघून जायचं, हे त्यांच्यानं होईना. जायच्या आत होडी पुरी करायची, असं त्यांनी ठरवलं. मोनालीला सांगितलं नाही.

पण हत्यारं? लहानूजींचा बिस्किटाचा डबा होता, त्यात सगळं होतं. डबा उघडायला हात धजेना. त्या मुठीतून सोडवलेला चाकू त्यातच होता. म्हणून त्या ऑटो करून इतवारीत गेल्या.

हार्डवेअरच्या गल्लीत ओमप्रकाश नावाचा दुकानदार होता. पोटावर बनियन चढवून पंख्याखाली बसला होता. "बोला मावशी. नळ?"

"होडी बनवायचं सामान पाहिजे."

त्यानं पंखा हळू केला. "किती फुटाची?"

सिंधूताईंनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "इतकी."

"तरीच. नाहीतर म्हटलं अंबाझरी तलावावर धंदा टाकून राहिले का." त्यांनी हातात घेतलेली आरी त्यानं काढून घेतली. "हे कायले? या आरीनं तुमची होडी नाही, माझं दुकान कापलं जाईन."

"मले काही समजत नाही यातलं."

"पहिल्यांदाच बनवून राहिले ना? मंग सगळं घेऊच नका. लोक पेटी भरून नेतात आन् पेटीले गंज चढते. एक कापाचं घ्या, एक घासाचं. दाबून धराचे शिकंजे बी नोको, घरी कपड्याचे चिमटे असतीनच. तेच लावा. बाकी हात मांगते तसं घेत जा." त्यानं बारीक दातांची छोटी करवत काढली, कागद कापायचा असतो तसा कटर, पॉलिश पेपर एक खरखरीत आणि एक मऊ, फेव्हिकॉलची बाटली. मग विचारलं, "सुरुवात केली का लाकडाची?"

"दुसऱ्यानं केली आहे. अर्धी झाली."

"त्याचेच हत्यार घ्या ना मंग. ते कुठी गेले?"

सिंधूताईंनी पैसे मोजायला घेतले. ओमप्रकाशनं त्यांच्या कपाळाकडे, मग रिकाम्या गळ्याकडे पाहिलं आणि सामान पिशवीत भरायला लागला. "एक सांगू मावशी. कटर मी देऊन राहिलो, पण ते मऊ आहे. सागाच्या रेषेमागं पळन. जपून."

तो बोलला तसंच झालं. लहानूजींनी उरलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं रेघा आखून ठेवल्या होत्या. कुठून कापायचं, टोकाला किती निमुळतं करायचं, सगळं. सिंधूताईंना फक्त रेघेवरून पातं न्यायचं होतं. कटरचं पातं दोन बोटं नीट गेलं, मग लाकडाच्या रेषेत शिरलं, आणि पट्टी टोकापर्यंत चिरली. दुसरीही चिरली. आखलेल्यांत जास्तीच्या पट्ट्या दोन-तीनच होत्या. तिसरी हातात घेतली आणि ठेवून दिली.

मग डबा उघडला.

चाकू एक्सा ब्लेडचा होता. लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं घासून घासून त्याला धार केली होती आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली होती. सिंधूताईंनी तो पदराच्या टोकानं पुसला. पट्टी टेबलावर धरली, पातं रेघेवर टेकवलं. धार इतकी होती की लाकूड लोण्यासारखं गेलं. पण रेघेवरून नाही. पातं हळूहळू आत वळलं, रेघ सोडून गेलं. त्यांनी हात सरळ केला, पुन्हा टेकवलं. पुन्हा आत. जोर लावून धरलं, तर जोरातच वळलं. कोणीतरी शेजारी उभं राहून कोपर धरावं आणि, तिकडे नाही, इकडे, असं ओढावं, तसं.

चादरीत गॅलरीचा उजेड पिवळा झाला होता. बाहेर कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं. सिंधूताईंच्या मानेवरून घाम उतरला.

"काय पाहिजे तुमाले?" त्या म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्याच्याशी त्या पहिल्यांदा बोलत होत्या, आणि स्वतःचा आवाज ऐकून त्यांना शरम वाटली. ही बालवाडीची सिंधूताई. रिकाम्या स्टुलाशी बोलते.

चाकू खाली ठेवायला म्हणून त्यांनी मूठ उघडली, आणि तेव्हा ट्यूबवर लक्ष गेलं. रबर एका जागी दबून तिथे खळगा पडला होता. अंगठ्याचा खळगा. त्यांनी अंगठा त्यावर ठेवायला पाहिला. ठेवता येईना. तो खळगा मुठीच्या पलीकडच्या अंगाला होता, जिथे त्यांची बोटं येत होती. मूठ फिरवून पाहिली तर धार वर येत होती. मग, काही विचार न करता, त्यांनी चाकू डाव्या हातात घेतला.

अंगठा खळग्यात बसला. एखाद्यानं जागा धरून ठेवावी आणि आपण येऊन बसावं, तसा.

पातं जवळून पाहिलं. धार एकाच बाजूनं काढलेली होती, आणि तीही डाव्या हातानं चालवायच्या हिशेबानंच. उजव्या हातात तो चाकू कधी सरळ जाणारच नव्हता. सिंधूताईंनी डाव्या हातानं पट्टीवर टेकवला. हात थरथरत होता, पण रेघ सुटली नाही.

त्या स्टुलावर बसून राहिल्या.

हा माणूस डेबरा होता. चाळीस वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवलो, आणि आपल्याला ठाऊक नव्हतं की तो डावखुरा आहे. नदीपलीकडच्या शाळेत काय झालं असेल ते आता विचारायला कोणी नव्हतं. पण ज्यानं कोणी त्याचा तो हात बंद केला, त्यानं पक्का बंद केला होता. तो उजव्यानं जेवला, उजव्यानं सही केली, उजव्यानं आकडे टिपले, उजव्यानं खिळे वाकवले, कप सांडले, आणि बायको चारचौघींत हसली तेव्हा हसला. उसन्या हातानं त्यानं संसार केला. आपला हात त्यानं चादरीमागे, म्हातारपणी, एकट्यानं बाहेर काढला.

आणि मग सिंधूताईंना मोनाली आठवली. ते त्यांना आठवायचं नव्हतं.

मोनाली लहानपणी डावा हात पुढे करायची. चमचा डाव्यात, पाटीवरची पेन्सिल डाव्यात. बालवाडीत अशी पोरं यायची, आणि सिंधूताईंच्या हाताखाली ती महिनाभरात सुधरायची. त्याचं त्यांना कौतुक होतं. लोकांना बोलायला जागा नको, आपल्या पोरांत काही कमी दिसायला नको, असं त्यांना वाटायचं. मोनालीचा डावा हात त्या जुन्या ओढणीनं खुर्चीच्या दांड्याला बांधायच्या. जेवताना आणि अभ्यासाला. पोर रडायची, मग रडेनाशी झाली. त्या वेळी लहानूजी ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभे राहत. बापाचं मन, म्हणून सिंधूताई सोडून देत. एकदाच ते बोलले होते. संध्याकाळी, पाठ फिरवून. "जास्त घट्ट नोको बांधू."

एवढंच. तेव्हा त्यांनी ते पोरीच्या लाडात जमा केलं होतं.

त्या दुपारनंतर सिंधूताई रोज गॅलरीत बसल्या. डाव्या हातानं. सत्तरीला टेकलेला तो हात, त्याला आजवर काय, उजव्यानं सांगितलेलं धरून ठेवायचं एवढंच काम. पट्टी सरळ कापली जायची, पण कापायलाच अर्धी दुपार जायची. चिकटवून कपड्यांचे चिमटे लावायच्या. सांगाड्याची बाजू खालून वर बुजत आली. आवाजही यायचा, पण आता तो त्यांच्याच हातातून यायचा, आणि कधी हात थांबला तरी क्षणभर चालू राहिल्यासारखा वाटायचा. त्या मागे वळून बघत नसत.

मग मनगट सुजलं. शेवटच्या पट्टीला चाकू धरवेना. होडीच्या कठड्याखाली एक लांब फट राहिली, आणि त्या फटीतून बरगड्या दिसत राहिल्या. ती पट्टी सगळ्यांत अवघड होती, दोन्ही टोकांना निमुळती. आणि आखलेली तीच एक उरली होती.

मोनाली खोकी घेऊन आली. ट्रक उद्याचा होता.

"गॅलरीतलं तेवढं मी बांधते," ती म्हणाली. "तू साड्या कर. आणि हाताले काय झालं?"

"काही नाही. मुरगळला."

सिंधूताई आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या करत बसल्या. कूलर घोंघावत होता. आता भंगारवाल्याची हाक यायची वाट. आपण पुरं करू शकलो नाही, हे त्यांना मोनालीला सांगावंसं वाटत होतं, पण सांगायचं म्हणजे सुरुवात ओढणीपासून करावी लागली असती. ते तोंडाला येत नव्हतं.

लाइट गेली. कूलर थांबला.

खस्स. खस्स.

सिंधूताईंचा हात साडीवर थांबला. आवाज हळू होता, सावकाश होता. त्यात कुठे थरथर नव्हती. त्यांच्या हातातून निघायचा तसा नव्हता. हा जुना आवाज होता. बराच वेळ त्या ऐकत बसल्या. डोळ्यांसमोर झाकून ठेवलेला चहा आला. त्या दिवशी आवाज थांबला आणि आपण गेलो नाही. आज चालू आहे तोवर जायचं. गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या, भिंत धरत स्वयंपाकघरातून गेल्या आणि चादर सारली.

स्टुलावर वाकलेली पाठ होती. डोकं एका बाजूला कललेलं, डावं कोपर अंगापासून सुटं. क्षणभर सिंधूताईंना ती पाठ मोनालीची आहे हे कळलंच नाही.

मोनाली दचकून वळली. त्याच वेळी तिच्या हातातली पट्टी आणि चाकू, तिला कळायच्या आत, उजव्या हातात गेले. डावा हात ओढणीखाली गेला. चाळिशीला आलेली बाई, कंपनीत तिच्या हाताखाली माणसं. आईची चाहूल लागली आणि हात लपला.

"सहज पाहून राहिली होती," ती म्हणाली. "कापून झाली पट्टी. रेघ होती ना. बाबाचा चाकू बरोब्बर बसते हातात."

पट्टी खरंच कापून झाली होती. दोन्ही टोकं निमुळती होती, रेघेला धरून.

"केव्हापासून घासून राहिली?" सिंधूताईंनी विचारलं.

"घासलं कुठं अजून? पॉलिश पेपर तर सापडून नाही राहिला."

पॉलिश पेपर डब्याच्या तळाशी होता. सिंधूताईंनी तो काढून तिच्यापुढे ठेवला. मोनालीनं उजवा हात पुढे केला.

"त्या हातानं नाही," सिंधूताई म्हणाल्या.

मोनाली आईकडे पाहत राहिली. हे वाक्य तिला पाठ होतं, पण ते दुसऱ्या हाताबद्दल होतं.

"डेबऱ्या हातानं घास. तुझ्या बाबाचाही तोच होता. मले माहीत नव्हतं वं. तुले बांधत होती तेव्हाही माहीत नव्हतं."

तिनं ओढणीखालून हात काढला, त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून पट्टी टेबलावर धरली. खस्स. खस्स.

लाइट आली. आत कूलर घरघरला आणि आवाज बुडाला. मोनालीनं हात थांबवला. "जा आई, आत हवेत बस. इथं उकडते."

"तू थांबू नको," सिंधूताई म्हणाल्या. त्या आत गेल्या, कूलरचं बटण बंद केलं, आणि परत येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर चादरीच्या अलीकडे बसल्या. घाम कानामागून गळ्यावर येत होता. त्यांनी तो पदरानं पुसला नाही. त्या नुसत्या ऐकत होत्या.